शेती सांभाळून पदवी : नियोजन कसे करावे?



हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण बियाणे, खत, पाणी आणि मजूर यांचा हिशेब मांडतो. ज्या पिकाला पाणी पुरणार नाही ते पीक आपण घेत नाही. परंतु अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करताना हा हिशेब बहुतेक जण मांडत नाहीत. शेजाऱ्याने फॉर्म भरला म्हणून आपणही भरतो, पहिल्या वर्षाची पुस्तके घरी येतात, तोच पेरण्या सुरू होतात आणि पुस्तके फडताळात पडून राहतात. वर्षभराची फी वाया जाते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे 'आता आपल्याच्याने शिक्षण होणार नाही' ही समजूत मनात पक्की बसते.

वडिलांचे आजारपण, घरातील वाटण्या, विहिरीचे आटलेले पाणी, लवकर झालेले लग्न अशा कारणांनी बारावीनंतर किंवा एफ.वाय.नंतर शिक्षण सोडलेली मंडळी प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यात हुशारीची कमतरता नव्हती, परिस्थिती अनुकूल नव्हती एवढेच. शेती, जनावरे आणि संसार सांभाळून पदवी घेता येते. मात्र त्यासाठी हेतू, वेळ, हंगाम आणि पैसा या चार गोष्टींचे नियोजन प्रवेश घेण्यापूर्वी करावे लागते. ते कसे करावे याची माहिती या लेखात दिली आहे.

पदवी कशासाठी हवी, हे आधी ठरवा

जमिनीचा मगदूर पाहून पीक निवडतात, तसा हेतू पाहून अभ्यासक्रम निवडावा. सर्वसाधारणपणे पुढील हेतू असतात.

१) स्पर्धा परीक्षा : राज्यसेवेसह अनेक पदांसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी चालते. येथे वयाचा विचार सर्वात महत्त्वाचा आहे. राज्यसेवेसाठी कमाल वयोमर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षे आणि मागास प्रवर्गांना ४३ वर्षे आहे. आज ३३ वर्षे वय असलेल्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराने पदवीला सहा वर्षे लावली तर पदवी हाती येईपर्यंत मर्यादा उलटून गेलेली असेल. अशा व्यक्तीने पदवी तीन ते चार वर्षांतच पूर्ण करण्याचा आराखडा करावा. ते शक्य नसेल तर हा हेतू सोडून दुसरा धरावा.

२) शेतमाल उत्पादक कंपनी, दूध संस्था, विकास सोसायटी किंवा स्वतःचा प्रक्रिया उद्योग : येथे जमाखर्च, कर, बँकेचे व्यवहार यांची समज उपयोगी पडते. त्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी अधिक फायद्याची ठरते.

३) कृषी सेवा केंद्राचा परवाना : याबाबत मोठा गैरसमज आहे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी किंवा नियमात दिलेल्या विज्ञान विषयांतील पात्रता लागते. कला शाखेची पदवी घेऊन हा परवाना मिळत नाही. जे आधीपासून निविष्ठा विक्री करतात त्यांच्यासाठी 'देसी' हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे 'मॅनेज'ने, तो २००३ मध्ये सुरू केला. त्याचे वर्ग आठवड्यातून एकच दिवस असतात. याविषयी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा आत्मा कार्यालयात चौकशी करावी.

४) शेतीचे शास्त्रीय ज्ञान : केवळ ज्ञान हवे असेल तर पदवीची गरज नाही. कृषी विज्ञान केंद्राची अल्पमुदतीची प्रशिक्षणे कमी खर्चात अधिक कामाची ठरतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे सेंद्रिय शेती, मधमाशीपालन, कुक्कुटपालन यांसारखे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत.

५) स्वतःचे समाधान आणि मुलांपुढे उदाहरण : हा हेतूही तितकाच खरा आहे. यात घाई नसते. आवडीचा विषय घ्यावा आणि सवडीने पूर्ण करावा.

कृषी पदवी घरी बसून मिळते का?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार कृषी आणि उद्यानविद्या या विषयांतील पदवी मुक्त व दूरशिक्षण पद्धतीने देता येत नाही. पूर्वी अशा पदव्या दिल्या जात होत्या, त्यामुळे मुक्त पद्धतीने कृषी पदवी घेतलेले लोक आपल्याला भेटतात. त्यांचे पाहून आज कोणी 'घरी बसून बी.एस्सी. ॲग्री' देतो म्हणाला तर पैसे भरू नयेत. कृषी पदवीसाठी बारावी विज्ञान, सामाईक प्रवेश परीक्षा आणि चार वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण लागते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अंतर्गत येणाऱ्या महाविद्यालयांत ते मिळते. घरच्या मुला-मुलींसाठी हा मार्ग योग्य आहे. शेती करणाऱ्या प्रौढाला तो सहसा जमत नाही.

मुक्त शिक्षण म्हणजे काय?

मुक्त शिक्षणात रोज वर्गात हजर राहावे लागत नाही. विद्यापीठ स्वतः शिकता येतील अशी पुस्तके देते. जवळच्या अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे होतात. वर्षभरात स्वाध्याय म्हणजे गृहपाठ लिहून द्यावे लागतात आणि शेवटी परीक्षा होते.

भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाले. त्यानंतर १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात नाशिक येथे १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे बोधवाक्य आहे. नाशिक, पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अमरावती आणि नागपूर येथे त्याची विभागीय केंद्रे आहेत, तर अभ्यासकेंद्रे तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली आहेत. कला व वाणिज्य शाखेची पदवी येथे मराठी माध्यमातून घेता येते. मुंबई विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांचीही दूरशिक्षण केंद्रे आहेत.

आयोगाची मान्यता असलेल्या विद्यापीठाची आणि मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची मुक्त पद्धतीने मिळालेली पदवी ही नेहमीच्या महाविद्यालयीन पदवीच्या बरोबरीची मानली जाते. आयोगाने २०२२ मध्ये तसे पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे 'मुक्तची पदवी नोकरीला चालत नाही' या म्हणण्याकडे लक्ष देऊ नये.

दहावी-बारावी राहिली असेल तर

पदवीला प्रवेश घेण्यासाठी बारावी किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक धरून चालावे. ती राहिली असेल तर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. हा भरून शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीची परीक्षा देता येते. फॉर्म भरण्याची मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी, पावसाळ्याच्या सुमारास सुरू होते. फेब्रुवारीत जाग येऊन उपयोग नाही. जून महिन्यातच जवळच्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात विचारणा करावी.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा आहे. येथे वयाची वरची अट नाही. प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सर्व विषय एकदम द्यावे लागत नाहीत. जेवढ्यांची तयारी झाली तेवढे विषय देता येतात. ज्यांना एकाच बैठकीत सर्व विषय झेपणार नाहीत त्यांना हा मार्ग सोयीचा आहे.

वेळेचा हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेब करू. विद्यापीठे अभ्यासाचे माप श्रेयांकात करतात. मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. यात वाचन, स्वाध्याय, संपर्कसत्र हे सर्व धरले आहे. नव्या रचनेनुसार तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची असते. म्हणजे एकूण ३,६०० तास. हे तास किती वर्षांत वाटायचे ते आपण ठरवायचे.

तक्ता १ : पदवीसाठी लागणारा वेळ

३ वर्षांत : वर्षाला १,२०० तास, रोज सुमारे सव्वातीन तास
४ वर्षांत : वर्षाला ९०० तास, रोज सुमारे अडीच तास
६ वर्षांत : वर्षाला ६०० तास, रोज पावणेदोन तासांपेक्षा थोडे कमी

इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येते. इतर विद्यापीठांची कमाल मुदत त्यांच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. प्रवेशाच्या दिवशीच ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

शेतकऱ्याला रोज सारखा वेळ मिळत नाही, हे उघड आहे. पेरणीच्या आठवड्यात पुस्तक उघडायलाही फुरसत नसते, तर उन्हाळ्यात दुपार मोकळी मिळते. म्हणून रोजचा हिशेब न धरता वर्षाच्या ५२ आठवड्यांची तीन गटांत वाटणी करावी.

तक्ता २ : सहा वर्षांच्या आराखड्यात एका वर्षाची वाटणी

निवांत आठवडे १२ : आठवड्याला २० तास, एकूण २४० तास
मध्यम कामाचे आठवडे ३२ : आठवड्याला १० तास, एकूण ३२० तास
गर्दीचे आठवडे ८ : आठवड्याला ५ तास, एकूण ४० तास
वर्षाची बेरीज : ६०० तास

गर्दीच्या आठवड्यातही पाच तास ठेवले आहेत, याकडे लक्ष द्यावे. अभ्यास पूर्ण बंद पडला की पुन्हा सुरू करायला जड जाते. मोटार चालू करून बसलेल्या वेळेत, डेअरीवर दूध घालताना रांगेत, एस.टी.च्या प्रवासात मिळून आठवड्याला पाच तास निघू शकतात. जड प्रकरण मात्र अशा वेळी घेऊ नये. वाचलेल्याची उजळणी करावी.

घरातील भगिनींचा हिशेब वेगळा आहे. त्यांचे गर्दीचे आठवडे शेतात संपत नाहीत. सणवार, पाहुणे, मुलांच्या परीक्षा यांतही त्यांचा वेळ जातो. म्हणून घरातील कर्ती स्त्री शिकणार असेल तर कोणते काम कोणी उचलायचे हे सर्वांनी बसून ठरवावे. 'तू शीक, पण घरचे काही अडू देऊ नकोस' अशी परवानगी दिल्याने पदवी पूर्ण होत नाही. संध्याकाळची धार आणि मुलांचे जेवण दुसऱ्याने सांभाळले तर रोजचा दीड तास सहज निघतो.

हंगाम आणि परीक्षा यांचा मेळ

इंदिरा गांधी विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांच्या सुमारास सुरू होतात. एका सत्रात न दिलेला पेपर पुढच्या सत्रात देता येतो. इतर विद्यापीठांचे वेळापत्रक वेगळे असू शकते, परंतु उन्हाळ्याच्या शेवटी आणि हिवाळ्यात परीक्षा येतात हे सर्वसाधारण चित्र आहे. आपल्या पीकपद्धतीप्रमाणे कोणत्या सत्रात किती पेपर द्यायचे ते ठरवावे.

कोरडवाहू सोयाबीन, कापूस, तूर : फेब्रुवारी ते मे हा अभ्यासाचा खरा काळ. परंतु जूनची परीक्षा आणि मृगाची पेरणी एकत्र येतात. पेरणीचा वापसा निघून गेला तर वर्ष जाते, म्हणून पेरणी पुढे ढकलता येत नाही. कापसाची वेचणी मात्र दोन दिवस मागेपुढे करता येते. त्यामुळे जूनला एक-दोन पेपर ठेवून बाकीचे डिसेंबरला द्यावेत. ज्या पेपरचा अभ्यास उन्हाळ्यात झाला आहे त्याची नोव्हेंबरात उजळणी करावी. जूनला पेपर असल्यास बियाणे आणि खत मे महिन्यातच घरी आणून ठेवावे, ट्रॅक्टर आगाऊ सांगून ठेवावा आणि पेरणीची जबाबदारी भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे आधीच सोपवावी.

ऊस आणि दुभती जनावरे : उसात अभ्यासाला सलग वेळ मिळतो, परंतु तोड कधी येईल याचा नेम नसतो. डिसेंबरच्या परीक्षेच्या काळात टोळी आली तर कोण पाहील हे आधी ठरवावे. धारांची वेळ बदलत नसल्याने सकाळच्या पेपरच्या दिवशी धार काढण्यासाठी माणूस नक्की करावा.

द्राक्ष : ऑक्टोबर छाटणीनंतर डुबण्या, विरळणी आणि रोगांची धास्ती यांत डिसेंबर संपतो. या बागायतदारांनी डिसेंबरला कमीत कमी पेपर द्यावेत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कामाचा ताण तुलनेने कमी होतो, म्हणून जूनचे सत्र बरे.

भात आणि आंबा : जूनमध्ये रोपवाटिका, जुलैत लावणी आणि मार्च ते मे आंब्याची काढणी. कोकणातील शेतकऱ्यांना भातकापणी उरकल्यावर नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ सोयीचा पडतो.

खर्चाचा हिशेब

मुक्त शिक्षणाची फी नेहमीच्या खासगी महाविद्यालयापेक्षा सामान्यतः कमी असते आणि ती एकरकमी न घेता वर्षाला किंवा सत्राला घेतात. पण केवळ फी म्हणजे खर्च नव्हे. बियाण्याची पिशवी म्हणजे एकरी खर्च नव्हे, तसेच हे आहे. पुढील बाबी मांडून पाहाव्यात.

१) प्रवेश व शिक्षण शुल्क
२) परीक्षा शुल्क, हे बहुधा वेगळे आणि दर पेपरमागे असते
३) अभ्यासकेंद्रावर येण्याजाण्याचा खर्च
४) वह्या, झेरॉक्स, मोबाईलचा नेटपॅक
५) आपण गैरहजर असताना लावलेल्या मजुराची मजुरी

उदाहरणादाखल धरा, अभ्यासकेंद्र तालुक्याला आहे. एका खेपेला भाडे आणि चहापाणी मिळून १७० रुपये लागतात. वर्षात २० खेपा झाल्या तर ३,४०० रुपये होतात. परीक्षेच्या आठ दिवसांसाठी ४०० रुपये रोजाने मजूर लावला तर ३,२०० रुपये. या दोनच बाबींचे वर्षाला ६,६०० रुपये झाले. सहा वर्षांत हीच रक्कम ३९,६०० रुपये होते. म्हणून अभ्यासकेंद्र निवडताना नावाजलेले कॉलेज पाहण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी आपण जेथे जातोच ते गाव पाहावे.

खर्च कमी करण्याचे काही मार्ग आहेत. इंदिरा गांधी विद्यापीठाची पुस्तके त्याच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या योजनेत २०१७ पासून अनेक विषयांचे पाठ फुकट पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. आपला अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासकेंद्राला विचारावे. जात आणि उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवावेत.

फीसाठी पीककर्जाची रक्कम वापरू नये. दूध बिलातून किंवा परसातील कोंबड्यांच्या उत्पन्नातून महिन्याला ठरावीक रक्कम पोस्टात किंवा बँकेत बाजूला टाकावी. प्रवेशाच्या वेळी पैशाची ओढाताण होत नाही.

फसवणूक कशी ओळखावी?

बनावट बियाण्याची पिशवी वरून चांगली दिसते, तसेच बनावट पदवीचेही आहे. पुढील गोष्टी आढळल्यास सावध व्हावे.

१) 'एका वर्षात पदवी' असे सांगणे. पदवीची किमान मुदत तीन वर्षे आहे.
२) मागील तारखेची गुणपत्रिका देऊ असे सांगणे. हा सरळ गुन्हा आहे आणि पदवी घेणाराही त्यात अडकतो.
३) परराज्यातील राज्य मुक्त विद्यापीठाची पदवी येथेच बसून देऊ असे सांगणे. राज्य मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र त्या राज्यापुरते असते.
४) पैसे विद्यापीठाच्या खात्यात न घेता क्लासवाल्याच्या किंवा दलालाच्या नावे घेणे.
५) परीक्षा न देता पास करून देऊ असे सांगणे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षासाठी कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे, याची यादी असते. विद्यापीठाचे नाव आणि अभ्यासक्रमाचे नाव या दोन्ही गोष्टी तेथे तपासाव्यात. विद्यापीठ मान्य असून अभ्यासक्रम मान्य नाही असेही घडते. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. तपासणी स्वतःला जमत नसेल तर गावातील शिक्षकाची किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाची मदत घ्यावी. यात अर्धा तास जातो, पण तीन वर्षे वाचतात.

प्रवेशापूर्वीची कागदपत्रे

दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, छायाचित्र आणि स्वतःच्या नावाचा मोबाईल क्रमांक तयार ठेवावा. पूर्वी दुसऱ्या विद्यापीठात एफ.वाय. किंवा एस.वाय. केले असेल तर त्या गुणपत्रिका फेकू नयेत. जुन्या विद्यापीठाकडून स्थलांतर प्रमाणपत्र काढावे आणि आधी केलेल्या वर्षांचे श्रेयांक मिळतील का, हे लेखी विचारावे.

सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे का, हे पाहावे. विवाहित भगिनींच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल हा पुरावा जवळ ठेवावा. ऐनवेळी हे काम होत नाही.

२०२४ पासून मुक्त व दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आयोगाच्या संकेतस्थळावर डी.ई.बी. क्रमांक काढणे आवश्यक झाले आहे. त्यासाठी आधी शैक्षणिक श्रेयांक बँकेचे खाते उघडावे लागते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या बँकेत आपण मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. दोन्ही कामे मोबाईलवर किंवा आपले सरकार केंद्रात होतात. हे क्रमांक आणि त्यांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवावेत, दलालाच्या मोबाईलवर ठेवू नयेत.

अभ्यासाची पद्धत

१) स्वाध्याय आधी लिहावेत. इंदिरा गांधी विद्यापीठात पदवीला साधारण ३० टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७० टक्के परीक्षेला असतात. जूनच्या परीक्षेसाठी ते मार्च-एप्रिलपर्यंत आणि डिसेंबरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत जमा करावे लागतात. घरी पुस्तक पाहून लिहायचे असल्याने हे गुण मिळवणे सोपे आहे. दुसऱ्याचे उतरवून काढू नयेत. लिहिताना होणारी तयारीच पुढे परीक्षेत कामी येते. जमा केल्याची पोच घ्यावी.

२) परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला आपोआप बसता येते, हा समज चुकीचा आहे. स्वाध्याय जमा करण्याची आणि परीक्षा फॉर्मची अखेरची तारीख कॅलेंडरवर लाल खुणेने दाखवावी.

३) पहिल्या वर्षी एक सोपा आणि एक अवघड विषय जोडीने वाचावा. सर्व अवघड विषय शेवटी ठेवल्यास मुदत संपते.

४) परिसरातील तीन-चार जणांचा गट करावा. एकाने सत्राला जावे आणि टिपणे सर्वांना द्यावीत, अशी पाळी लावल्यास प्रवासखर्चही वाचतो. ज्या सत्राला हजेरी सक्तीची आहे तेथे मात्र प्रत्येकाने जावे.

५) बऱ्याच वर्षांनी लिहायला बसल्यावर हात चालत नाही. परीक्षेपूर्वी दोन महिने दर रविवारी एक प्रश्नपत्रिका तीन तास घड्याळ लावून सोडवावी.

मध्येच थांबावे लागले तर

गारपीट, आजारपण, घरातील लग्नकार्य यामुळे एखादे वर्ष हातचे जाऊ शकते. अशा वेळी नाव काढून टाकू नये. इंदिरा गांधी विद्यापीठात पुढील वर्षाची नोंदणी एक वर्ष उशिरा केली तरी कमाल मुदतीच्या आत चालते. नव्या रचनेत ४० श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र आणि ८० श्रेयांकांनंतर पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे. त्यासाठी चार श्रेयांकांचा एक कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. म्हणजे एक वर्ष बुडाले तरी मागचे कष्ट वाया जात नाहीत.

तरीही सलग दोन वर्षे एकही पेपर दिला नसेल तर आराखडा पुन्हा तपासावा. दोष बहुधा वेळेच्या वाटणीत असतो. पेपर कमी करावेत, सत्र बदलावे किंवा घरातील कामाची वाटणी नव्याने करावी.

थोडक्यात

१) हेतू आणि वय पाहून अभ्यासक्रम व वर्षे ठरवा.
२) विद्यापीठाची व अभ्यासक्रमाची मान्यता स्वतः तपासा.
३) ३,६०० तास आपल्या हंगामात बसवा.
४) फीबरोबर प्रवास व मजुरीचा खर्च धरा.
५) स्वाध्याय, परीक्षा फॉर्म आणि कमाल मुदत या तीन तारखा विसरू नका.

फळबाग लावताना पहिली तीन-चार वर्षे केवळ खर्च आणि मेहनत असते, उत्पन्न नसते. तरीही आपण बाग लावतो, कारण पुढचा हिशेब आपल्याला माहीत असतो. पदवीचेही तसेच आहे. येत्या प्रवेशाच्या वेळी फॉर्म भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी एक संध्याकाळ एकत्र बसावे, वही घ्यावी आणि वरील दोन तक्ते आपल्या शेतीप्रमाणे भरावेत. बेरीज जुळली तर प्रवेश जरूर घ्यावा. जुळली नाही तर काय बदलले म्हणजे जुळेल, तेही त्याच वहीत दिसून येईल.